एफएससी म्हणजे पेशीची साइज का? फ्लोवाल्यांना सतत विचारले जाणारे प्रश्न

मी फ्लो सायटोमीटर (पेशी एकेक करून लेझरसमोरून सोडून मोजणारं मशीन) चालवते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांची सॅम्पल्स रन करून देते, आणि एक प्रश्न आठवड्यातून तीनदा तरी येतोच, "मॅडम, हे इकडे उजवीकडे आहेत म्हणजे मोठ्या पेशी ना?" उजवीकडे म्हणजे मशीन काढतं त्या प्लॉटवर उजवीकडे, जिथे एफएससी (फॉरवर्ड स्कॅटर, पेशीने पुढच्या दिशेला फेकलेला उजेड) जास्त आहे तिकडे. दरवेळी उभ्या उभ्या उत्तर देऊन कंटाळले म्हणून एकदाचं सगळं इथे टाइप करून ठेवतेय. थोडं लांबलंय, तुम्हाला हवा तो प्रश्न शोधून वाचा.

मशीन पेशी बघतं म्हणजे नक्की काय करतं?

बघत काहीच नाही. फोटो काढत नाही (फोटो काढणारी वेगळी असतात, ती खाली येतील). तुमचं सॅम्पल एका बारीक धारेतून जातं, तिच्याभोवती शीथचं पाणी वाहत असतं त्यामुळे पेशी एकामागे एक रांगेत येतात, आणि ती रांग लेझरच्या समोरून जाते, बहुतेक ठिकाणी ४८८ नॅनोमीटरचा निळा लेझर असतो. पेशी आली की उजेड इकडेतिकडे फेकला जातो, तो डिटेक्टरवर पडतो, डिटेक्टर त्याचा करंट करतो आणि तो करंट म्हणजे तुमच्या प्लॉटवरचा एक ठिपका. पेशी लहान की मोठी हे मशीनला माहीतच नसतं, त्याला फक्त किती उजेड आला ते कळतं.

लहानपणी कौलाच्या फटीतून कवडसा यायचा आणि त्यात धुळीचे कण नाचताना दिसायचे, तसंच हे. एक गंमत आठवून बघा, कवडशाच्या बाजूला उभं राहिलं तर कण जेमतेम दिसतात, पण कवडसा ज्या दिशेने येतो तिकडे तोंड केलं की तेच कण लख्ख चमकतात. कारण एवढ्या आकाराचे कण बराचसा उजेड पुढच्याच दिशेला, अगदी थोडासा वाकवून, फेकतात. हा पुढे गेलेला उजेड म्हणजे फॉरवर्ड स्कॅटर, एफएससी. आणि बाजूला, साधारण ९० अंशात जो जातो तो साइड स्कॅटर, एसएससी. एफएससीच्या डिटेक्टरसमोर एक छोटी पट्टी आडवी लावलेली असते, नाहीतर थेट लेझरच त्याच्या डोळ्यात जाईल.

मग एफएससी म्हणजे साइज असं प्रत्येक स्लाइडवर का लिहिलेलं असतं?

कारण सुरुवात खरंच तिथून झाली. साइज मोजायची आधीची पद्धत विजेची होती, वॉलेस कूल्टरचं पेटंट १९५३ चं, बारीक भोकातून पेशी गेली की विजेचा अडथळा वाढतो आणि जेवढी जागा पेशी अडवते तेवढा अडथळा, म्हणजे सरळ व्हॉल्यूमच मिळतं. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अ‍ॅलामॉसच्या लॅबमध्ये मॅक फुलवायलरने पेशी वेगळ्या करणारं पहिलं सॉर्टर केलं तेही ह्याच विजेच्या व्हॉल्यूमवर चालायचं. नंतर तिथल्याच मुलॅनी नावाच्या शास्त्रज्ञाने आणि मंडळींनी १९६९ मध्ये दाखवलं की लेझर मारून अगदी छोट्या कोनातला उजेड गोळा केला तर त्यावरूनही व्हॉल्यूमचा अंदाज येतो. हे बरोबरच होतं, पण गोल, एकसारख्या कणांसाठी आणि त्या ठरावीक कोनांसाठी. पुढे वाक्यातला "पण" गळून पडला आणि "एफएससी म्हणजे साइज" एवढंच मागे उरलं, वर्कशॉपच्या पहिल्या दहा मिनिटांत सांगायला सोपं पडतं ना.

साइज नाही तर एफएससी कशावर ठरतं?

साइजवर ठरतंच, पण एकट्या साइजवर नाही. पेशीचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स म्हणजे अपवर्तनांक (उजेड तिच्यातून जाताना किती वाकतो त्याचा आकडा), तिचा शेप (गोल की चपटा), ती धारेत कशी वळून आली, लेझरची वेव्हलेंथ, डिटेक्टर कुठल्या कोनापासून कुठल्या कोनापर्यंत उजेड गोळा करतो, सगळं त्यात मिसळलेलं असतं. गुस्ताव मी नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये गोल कणांसाठीचं गणित मांडलं, आजही तेच वापरतात.

अपवर्तनांकाचं मात्र जरा थांबून समजून घ्या, कारण सगळी गोची तिथेच आहे. साबुदाण्याची खीर केलीय ना कधी? कोरडा दाणा पांढराफटक असतो, वाटीत लांबूनही दिसतो. शिजला की चांगला फुगतो, दुप्पटसुद्धा होतो, पण काचेसारखा होतो आणि खिरीत चमचा घालून शोधावा लागतो. साइज वाढली आणि दिसणं कमी झालं! कारण दाण्यात पाणी शिरलं आणि आतला माल आणि बाहेरचं पाणी यांच्यातला फरक कमी झाला. उजेड फेकला जातो तो ह्या फरकामुळे. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, पेशीच्या आतला माल साधारण १.३६ ते १.३९, म्हणजे फरक मुळातच एवढुसा, त्यात थोडंसं जरी इकडेतिकडे झालं तरी एफएससी हलतं.

माझ्या पेशी औषधाने आकसल्या, एफएससी कमी आलं. बरोबर ना?

नाही, म्हणजे असेलही, पण आधी त्या जिवंत आहेत का ते बघा.

एक मुलगी आली होती, औषध दिलेल्या पेशींचं एफएससी जवळजवळ निम्म्यावर, ती खूश, प्रेझेंटेशनमध्ये "सेल श्रिंकेज" लिहूनही झालं होतं. मी म्हटलं त्याच ट्यूबमधला एक थेंब घे, ट्रिपॅन ब्लू (फक्त मेलेल्या पेशींत शिरणारा निळा रंग) घाल आणि स्लाइडवर बघ. बघितलं तर पेशी निळ्याशार आणि चक्क फुगलेल्या, शेजारच्या जिवंत पेशींपेक्षा मोठ्या! झालं काय होतं तर पडदा फाटून आतली प्रोटीन्स बाहेर गेलेली आणि बाहेरचं पाणी आत आलेलं, म्हणजे आपला शिजलेला साबुदाणा. ती बिचारी दहा मिनिटं स्लाइडवरून डोळा काढेना. मग प्रोपिडियम आयोडाइड (हाही मेलेल्यांतच शिरतो, पण लाल चमकतो) घालून परत रन केलं तर तो कमी एफएससीवाला सगळा घोळका लालेलाल.

अपॉप्टोसिसमध्ये (पेशी स्वतःहून, ठरवून मरते त्यात) पेशी खरोखर आकसतात हेही खरं आहे, तिथे एफएससी घटतं आणि सुरुवातीला एसएससी बऱ्याचदा वाढतं. पण नुसत्या स्कॅटरवरून आकसलेली कोण आणि गळकी कोण हे सांगता येत नाही. म्हणून मेलेल्यांचा डाय घाला, दरवेळी घाला, पैसे वाचवू नका.

बीड्स रन करून मायक्रॉनची पट्टी बनवली तर?

सगळ्यांना सुचतं हे. ६, १०, १५ मायक्रॉनच्या बीड्स (ठरावीक मापाचे गोल मणी) विकत मिळतात, रन करायच्या, ग्राफ काढायचा, त्यावर आपली पेशी बसवायची, झालं मायक्रॉनमध्ये उत्तर. ऐकायला छान आहे. पण बीड असते पॉलिस्टायरीनची, अपवर्तनांक १.५९ च्या आसपास, आणि पेशी १.३७ वगैरे. म्हणजे काचेची गोटी मोजून साबुदाण्याची पट्टी बनवल्यासारखं. १० मायक्रॉनची पेशी १० मायक्रॉनच्या बीडच्या जागी येईलच याची काही खात्री नाही. सिलिकाच्या बीड्स १.४५ च्या जवळपास असतात, त्या पेशीच्या जरा जवळ जातात, तरी पेशी त्या पेशीच.

त्यात आणखी एक, बीड्सचा ग्राफसुद्धा सरळ चढत जात नाही. गुळगुळीत गोल कणांत उजेडाच्या लाटा एकमेकांत मिसळतात त्यामुळे तो लाटांसारखा वरखाली होतो, काही साइजना तर लहान बीडचं एफएससी तिच्यापेक्षा मोठीच्या वर जातं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं बाटल्यांची लेबलं उलटी लागलीयत, दोनदा धुऊन परत रन केलं होतं.

बीड्स फालतू आहेत असं नाही म्हणत मी हां. मशीन कालच्यासारखंच चाललंय का हे बघायला बीड्सच हव्यात, रोज सकाळी. पेशीला मायक्रॉन चिकटवायला नकोत एवढंच.

रक्तात तर पांढऱ्या पेशी, म्हणजे लिंफोसाइट, मोनोसाइट, ग्रॅन्युलोसाइट, साइजप्रमाणेच सुटे होतात की!

सुटे होतात, आणि फार सुंदर होतात, १९७५ मध्ये साल्झमन आणि मंडळींनी कुठलाही रंग न लावता नुसत्या स्कॅटरवर दाखवलं तेव्हापासून आपण त्याच चित्रावर (आडवं एफएससी, उभं एसएससी) गेट, म्हणजे हव्या त्या घोळक्याभोवतीची चौकट, काढतोय. पण नीट बघा, वेगळं कोण कशामुळे होतंय. लिंफोसाइट खाली डावीकडे, कारण लहान आणि आत फारसं काही नाही. मोनोसाइट मधे. न्यूट्रोफिल (ग्रॅन्युलोसाइटमधले बहुतेक हेच) वर, पण ते मोनोसाइटपेक्षा मोठे असतात म्हणून नाही, स्मिअरवर, म्हणजे काचेवर पसरून रंगवलेल्या रक्तात, मोनोसाइटच मोठा दिसतो. न्यूट्रोफिलच्या आत दाणेच दाणे आणि न्यूक्लियसच्या गाठी, त्यामुळे एसएससी चढतं. म्हणजे आपण "साइजवर वेगळे केले" म्हणतो तेव्हा अर्धं काम दाण्यांनी केलेलं असतं.

इओसिनोफिलची (हेही ग्रॅन्युलोसाइटच) तर अजून मजा, त्यांचे दाणे उजेडाचं पोलरायझेशनच (लाटा कुठल्या दिशेत हलतात ते) बदलतात, म्हणून काही सीबीसी (रक्तपेशींची नेहमीची मोजणी) मशिन्स ९० अंशातला पोलरायझेशन बदललेला उजेड वेगळा मोजून इओसिनोफिल ओळखतात. मलेरियाचा जंतू तयार करतो तो हिमोझॉइन नावाचा रंगकणही असंच करतो, त्यामुळे पावसाळ्यात कधीकधी नुसत्या सीबीसीच्या प्लॉटवर नको तिथे ठिपके दिसतात आणि अनुभवी टेक्निशियन लगेच स्मिअर करायला घेतो, डॉक्टरांनी मागवलेला नसला तरी.

आणि एफएससी खरंच साइज सांगतं अशी एक छान केस आहे. लिंफोसाइटना पीएचए (त्यांना वाढायला लावणारं प्रोटीन) देऊन दोनतीन दिवस ठेवा, ते ब्लास्ट होतात, म्हणजे वाढून मोठे होतात, स्लाइडवरही मोठे दिसतात आणि एफएससीवरही अख्खा घोळका उजवीकडे सरकतो. एकाच जातीच्या पेशी, सगळ्या जिवंत, एकच मशीन, एकच सेटिंग, मग फरक मुख्यतः साइजचा असतो आणि एफएससी इमानदारीत तो दाखवतं.

आरबीसीचे (तांबड्या पेशींचे) दोन पीक येतात. दोन साइजच्या आहेत का?

बहुतेक नाही. आरबीसी बशीसारखी असते, साताठ मायक्रॉन रुंद आणि कडेला जेमतेम दोन-अडीच मायक्रॉन जाड. धारेत एक बशी आडवी आली, दुसरी कडेवर उभी आली, तर त्याच पेशीचं एफएससी वेगवेगळं येतं, आणि हिस्टोग्रामला उंटासारखे दोन उंचवटे येतात. अ‍ॅनिमिया शोधायला जाऊ नका त्यात.

सीबीसीच्या काही मशिन्समध्ये यावर फार हुशारीने उपाय केलाय, आरबीसी आधी एका रिएजंटने गोल करतात, व्हॉल्यूम तेवढंच ठेवून, आणि मग दोन कोनांत उजेड मोजतात, एक २ ते ३ अंशात आणि दुसरा ५ ते १५ अंशात. दोन मोजमापं, दोन अज्ञात गोष्टी, म्हणजे व्हॉल्यूम आणि आतलं हिमोग्लोबिन, शाळेतल्या एकसामयिक समीकरणांसारखं दोन्ही सोडवता येतं. उजेडावरून खरी साइज काढायची तर एवढी उठाठेव करावी लागते. आपल्या नेहमीच्या फ्लोवर एकच एफएससी असतं, एका समीकरणात दोन अज्ञात कशी सुटणार.

एरिया, हाइट, विड्थ, यातलं साइजचं कुठलं?

पेशी लेझरमधून जाताना सिग्नल वर चढतो आणि उतरतो, एक डोंगर होतो. डोंगराची उंची हाइट, त्याच्याखालचा सगळा भाग एरिया, आणि पायथ्याची लांबी विड्थ, म्हणजे पेशी किती वेळ उजेडात होती. विड्थ खरं तर साइजच्या जास्त जवळ जाते कारण तो वेळ आहे, उजेडाची तीव्रता नाही. समजा धार सेकंदाला ५ मीटर धावतेय आणि लेझरची जाडी २० मायक्रॉन आहे, तर १० मायक्रॉनच्या पेशीला पूर्ण पार व्हायला ३० मायक्रॉन जायला लागतात, ६ मायक्रोसेकंद. १५ मायक्रॉनची पेशी असेल तर ७. पेशी दीडपट झाली आणि विड्थ फक्त सहाची सात! लेझर जाड असेल तर लहान पेशींमधला फरक विड्थमध्ये बुडून जातो, मोठ्या पेशींना आणि बारीक लेझरला बरी चालते.

रोजच्या कामात हे वापरायचं ते डबलेट काढायला. दोन पेशी चिकटून आल्या की एरिया दुप्पट होतो पण हाइट तेवढी वाढत नाही, त्यामुळे एरिया विरुद्ध हाइट टाकलं की त्या तिरक्या रेषेवरून बाजूला पडतात. हे गेट न लावता "मोठ्या पेशींचा नवीन पॉप्युलेशन सापडला" म्हणून आलेले लोक मी बघितलेत, एकदा स्वतः आरशातही बघितलाय.

डिटेक्टरचं व्होल्टेज वाढवलं तर पेशी मोठ्या दिसतात...

आकडा वाढतो. पेशी तेवढीच आहे. फोनचा ब्राइटनेस वाढवून कुणी गोरं होत नाही. म्हणूनच एका एक्सपेरिमेंटमध्ये एफएससीचं सेटिंग एकदा ठरवलं की हात लावायचा नाही, आणि एकाचं एफएससी १ लाख आणि दुसऱ्याचं ५० हजार म्हणजे व्यास दुप्पट असंही म्हणायचं नाही.

आमच्या सॅम्पलचं चित्र दुसऱ्या लॅबच्या मशीनवर वेगळं आलं, मशीन बिघडलंय का?

बिघडलेलं नसणार. एफएससी गोळा करायचे कोन प्रत्येक कंपनीचे, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेल्सचे वेगळे असतात, ती आडवी पट्टी लहानमोठी असते, काही मशिन्स तर पुढे फेकलेला उजेड न मोजता पेशीने सरळ जाणारा उजेड किती अडवला ते मोजतात आणि तरी अक्षावर नाव एफएससीच. मग चित्र तंतोतंत जुळायचं कसं. मोनोसाइट एका मशीनवर लिंफोसाइटपासून छान सुटे दिसतात, दुसऱ्यावर त्यांना चिकटून बसतात. एसएससी त्यामानाने शहाणं, ते मशीनगणिक इतकं बदलत नाही, आणि ल्युकेमियाच्या रिपोर्टिंगमध्ये सीडी४५ (पांढऱ्या पेशींवरची एक खूण) विरुद्ध एसएससीवर ब्लास्ट (इथे अर्धवट वाढलेल्या कॅन्सरच्या पेशी, वरचे पीएचएवाले नव्हेत) शोधतात त्यामागे हेही एक कारण आहेच.

शीथही बघा. सॅम्पल पीबीएसमध्ये (खारट बफर) आणि शीथ साधं पाणी असेल तर दोघांच्या अपवर्तनांकात किंचित फरक पडतो, मग धारेची कडच भिंगासारखी वागते आणि एफएससी फिस्कटतं. आमच्याकडे एकदा टाकी भरताना कुणीतरी चुकीचा कॅन ओतला होता, सकाळभर लेझरच्या अलाइनमेंटला शिव्या घातल्या आणि दुपारी कॅनचं लेबल वाचलं.

बॅक्टेरिया, एक्सोसोम यांची साइज एफएससीवर काढता येते का?

बॅक्टेरिया दिसू शकतात, ई. कोलाय साधारण १ बाय २ मायक्रॉनचा असतो, पण बऱ्याच मशिन्सवर तो एफएससीच्या नॉइजमध्ये घुसलेला असतो. थ्रेशोल्ड (एवढ्यापेक्षा कमी सिग्नल मोजायचाच नाही अशी मर्यादा) एसएससीवर किंवा फ्लोरेसन्सवर (डायच्या चमकण्यावर) लावा, आणि बफर फिल्टर करून घ्या नाहीतर धूळच मोजत बसाल.

एक्सोसोम म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेल्या पिटुकल्या पिशव्या (व्हेसिकल्स), १०० नॅनोमीटरच्या आसपासचा मामला, तिथे कण वेव्हलेंथपेक्षा बराच लहान, रेलेचा नियम लागतो आणि उजेड व्यासाच्या सहाव्या घाताने पडतो. २०० वरून १०० नॅनोमीटरवर आलात की सिग्नल निम्मा नाही, चौसष्टावा भाग! नेहमीचं एफएससी तिथे आंधळं. ४०५ नॅनोमीटरच्या व्हायोलेट लेझरचं एसएससी वापरतात लोक, कारण वेव्हलेंथ लहान तेवढा उजेड जास्त फेकला जातो. आणि सॅम्पल खूप पातळ करा, नाहीतर अनेक कण एकत्र लेझरमध्ये येऊन एक इव्हेंट म्हणून मोजले जातात, पातळ केल्यावर इव्हेंट्स त्या प्रमाणात कमी होतात का हे बघायचंच. आणि पॉलिस्टायरीनच्या बीडवरून गेट काढून "१०० ते ३०० नॅनोमीटरचे व्हेसिकल्स" लिहिलेलं दिसलं की त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, व्हेसिकल आतून पाणीच असतं, तेवढा उजेड फेकायला ते बीडपेक्षा पुष्कळ मोठं असावं लागतं.

हे रामन स्कॅटरिंग आहे का?

नाही. रामन इफेक्टमध्ये (१९२८, आपला २८ फेब्रुवारी) फेकलेल्या उजेडाचा रंग किंचित बदलतो आणि तो फारच थोडा असतो. इथे निळा लेझर गेला, निळाच उजेड आला, फक्त दिशा बदलली.

गाईम्हशींचं सेक्स्ड सीमेन (नर किंवा मादीच वासरू व्हावं म्हणून निवडलेले शुक्राणू) याच मशीनवर करतात ना, साइजवरून?

तंत्र हेच, पण साइजवरून नाही. गाईबैलांत एक्सवाल्या शुक्राणूत डीएनए वायवाल्यापेक्षा साधारण ३.८ टक्के जास्त असतो, डीएनएला चिकटणारा डाय लावून तो फरक फ्लोरेसन्सवर पकडतात. शुक्राणूचं डोकं चपटं असल्यामुळे तिथेही आरबीसीसारखीच वळण्याची कटकट, म्हणून सगळी डोकी एकाच बाजूने वळून यावीत यासाठी खास नोझल असतं.

मग खरी साइज हवीच असेल तर काय करू?

कूल्टर काउंटर मिळाला तर उत्तम, व्हॉल्यूम सरळ मिळतं. इमेजिंग फ्लो असेल तर प्रत्येक पेशीचा फोटो निघतो आणि त्यावर मायक्रॉनमध्ये मोजता येतं. काहीच नसेल तर मायक्रोस्कोप आहेच की, शंभरेक पेशी मोजा, एक दुपार जाईल. एफएससीवर फरक दिसला आणि स्लाइडवरही दिसला तर मग बिनधास्त बोला.

थिसिसमध्ये काय लिहू?

"पेशींचा आकार ३० टक्के वाढला" असं लिहू नका, "एफएससीची मीडियन ३० टक्के वाढली" लिहा. मशीनचं मॉडेल, लेझर, सेटिंग, डबलेट आणि मेलेल्या पेशी कशा काढल्या, हे सगळं द्या. एक्स्टर्नल वायवाला नेमकं हेच विचारतात, "फॉरवर्ड स्कॅटर काय मोजतं?" आणि नव्वद टक्के मुलं "साइज, सर" म्हणून मोकळी होतात (नव्वद हा माझा अंदाज हां, कुणी मोजलेलं नाही).

सॅम्पल आज घेतलं, उद्या रन केलं तर स्कॅटर तसंच येईल?

नाही येणार. रक्त रात्रभर ठेवलं की न्यूट्रोफिल मरायला लागतात, घोळके पसरट होतात, डेब्री वाढते. फिक्स केलं (रसायनाने पेशी आहेत तशा गोठवल्या) तर टिकतं पण फिक्सेशननेही एफएससी हलतं, आणि लायसिसचं (आरबीसी फोडायचं) रिएजंट बदललं तरी हलतं. म्हणून कंट्रोल आणि टेस्ट दोन्ही एकाच वेळी, एकाच रिएजंटने. आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला बारा ट्यूब घेऊन येऊ नका, प्लीज, मशीन धुवायलाच अर्धा तास लागतो.